हलते सण आणि मालाचा अंदाज

किरकोळ विक्रीचा अंदाज बांधण्याची सर्वांत जुनी रीत साधी आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत किती माल गेला ते पाहायचे आणि त्यात थोडी वाढ धरायची. मीठ, काडेपेटी यांसारख्या बारमाही खपाच्या मालाला ही रीत पुरते. छत्र्या आणि स्वेटर यांनाही बऱ्यापैकी पुरते, कारण ऋतू ढोबळमानाने इंग्रजी तारखा धरून येतात. सण मात्र त्या तारखा पाळत नाहीत, आणि भारतातल्या दुकानदाराची वर्षाची मोठी कमाई सणांवरच असते.

2024 आणि 2025 चे ऑगस्ट शेजारी ठेवले की अडचण लगेच दिसते. 2024 च्या ऑगस्टमध्ये चार रविवार होते, 2025 च्या ऑगस्टमध्ये पाच. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये ती 27 ऑगस्टला आली. गूळ, सुके खोबरे, मोदकाचे पीठ, कापूर, मखराचे सामान असा सगळा उठाव एका महिन्यातून दुसऱ्यात सरकला. ज्याने 2024 चा ऑगस्ट पाहून 2025 चा माल भरला, त्याचे कप्पे गणपतीच्या आधीच रिकामे झाले असणार. सप्टेंबरची मागणीही तशीच जुन्या आकड्यांवर नोंदवली असेल तर विसर्जनानंतर तो माल अंगावर पडला असणार. गिऱ्हाईक तेच, घरटी मागणीही जवळपास तेवढीच, बदलली ती तारीख. कॅलेंडरमुळे होणाऱ्या चुकांचा हा विशेष आहे. नवा स्पर्धक, अवकाळी पाऊस, अचानक आलेली फॅशन यांचा अंदाज कोणालाच नेमका येत नाही. गणपती कधी येणार हे मात्र वर्षभर आधी छापलेले असते. या चुकीला सबब नाही.

हालचालीचा पहिला थर वारांचा. 365 दिवसांत 52 आठवडे बसतात आणि एक दिवस उरतो, लीप वर्षी दोन. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एका वाराने किंवा दोन वारांनी पुढे जाते. बहुतेक दुकानांत शनिवार-रविवारची विक्री मंगळवार-बुधवारच्या तुलनेत बरीच जास्त असते, म्हणून तारखेला तारीख लावण्याऐवजी 364 दिवस मागे जाऊन वाराला वार लावणे हा पहिला शहाणपणा. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळ्या तर महिन्यांचा हिशेबच सोडून देतात. त्यांचे वर्ष चार, पाच, चार आठवड्यांच्या ‘महिन्यां’चे असते, म्हणजे एका वर्षाच्या महिन्याशी दुसऱ्या वर्षाचा तोच महिना ताडताना रविवार कमीजास्त होत नाहीत. पण 52 आठवडे म्हणजे 364 दिवस. उरलेला दिवस साठत जातो आणि पाच-सहा वर्षांनी एक 53 वा आठवडा घालावा लागतो. 2012, 2017 आणि 2023 ही तशी वर्षे. अशा वर्षाची एकूण विक्री आपोआप फुगलेली दिसते आणि पुढच्या वर्षाची प्रत्येक तुलना एका आठवड्याने चुकते. एक अनियमितता काढायला जावे तर दुसरी दाराशी येते, ती अशी.

वारांचा परिणाम सुट्ट्यांमुळे आणखी गुंततो. 15 ऑगस्ट 2025 ला शुक्रवार होता, शनिवारी दहीहंडी आणि मग रविवार. सलग तीन दिवस मिळाले की शहरातला माणूस बाहेर पडतो. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांखालच्या दुकानांत दूध-भाजीचा खप उतरतो आणि लोणावळा-अलिबागकडे बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, चिप्स यांचा चढतो. 15 ऑगस्ट 2021 रविवारी आल्यामुळे तेव्हा यातले काही घडण्याचे कारण नव्हते. सुट्टी ‘आहे’ एवढी नोंद अंदाजाला पुरत नाही. ती कोणत्या वाराला चिकटली आहे तेही नोंदावे लागते.

खरी गुंतागुंत चंद्राची. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून 11 दिवसांनी तोकडे. त्यामुळे आपले बहुतेक सण दर वर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येतात, आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास आला की एकदम 19 दिवसांच्या आसपास पुढे उडी मारतात. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. 2026 मध्ये ते पुन्हा 8 नोव्हेंबरला. या आकड्यांवर सरासरीचे कितीही प्रयोग केले तरी हाती काही लागत नाही, कारण दोन दिवाळ्यांमधले अंतर कधी 354-355 दिवसांचे असते, तर कधी 383-384 दिवसांचे. मधल्या कोणत्याही लांबीचे ते नसते.

अधिक मासाने काय होते ते आषाढी एकादशी आणि बकरी ईद यांच्या जोडीवरून सर्वांत स्वच्छ दिसते. दोन्ही दिवस चांद्र महिन्याच्या दहाव्या-अकराव्या दिवशी येतात. 2022 मध्ये दोन्ही 10 जुलैला आले, 2023 मध्ये दोन्ही 29 जूनला. त्या वर्षी राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिम समाजाने कुर्बानी पुढे ढकलली होती. मग 2023 च्या श्रावणात अधिक मास पडला. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. परिणामी 2024 मध्ये बकरी ईद 17 जूनला आणि आषाढी 17 जुलैला, म्हणजे बरोबर एका महिन्याने दुरावली. सलग दोन वर्षांचा अनुभव पाहून साबुदाणा, वरी, शेंगदाणे आणि मसाले एकाच आठवड्यासाठी मागवण्याची सवय जडलेल्या दुकानाला तिसऱ्या वर्षी ती मोडावी लागली. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने हे अंतर दोन महिन्यांवर जाते.

यावरचा तोडगा जुन्या दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते ‘20 ऑक्टोबर’ असे म्हणत नाहीत, ‘धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार’ असे म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ तेच वेगळ्या रीतीने करतात: प्रत्येक दिवसाला सणापासून किती दिवस दूर आहे असा क्रमांक देतात आणि गेल्या अनेक वर्षांची विक्री त्या क्रमांकांवर एकावर एक ठेवतात. मग तारखेवर विस्कटलेली रेघ एकदम नीट दिसू लागते. घराचा रंग दिवाळीच्या महिनाभर आधी निघतो. कपड्यांचा जोर दोन-तीन आठवडे आधी येतो. बेसन, रवा, भाजके पोहे, साखर, तूप यांचा उठाव शेवटच्या दहा-बारा दिवसांत, पणत्या, उटणे आणि रांगोळी यांचा त्याहूनही उशिरा. सोन्याचा उंचवटा धनत्रयोदशी आणि पाडवा या दोनच दिवसांवर उभा असतो, मिठाईचा भाऊबीजेपर्यंत टिकतो. प्रत्येक मालाचा स्वतःचा आकार असतो आणि तो वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. सणानंतरचा खड्डाही या आकाराचाच भाग आहे. ज्या घरात दिवाळीला पाच किलो साखर आली, तिथे पुढचे दोन आठवडे साखर येत नाही. हा खड्डा विसरणारा अंदाज सणापर्यंत बरोबर असतो आणि नंतर लगेच माल तुंबवतो.

तरीही सण नुसता सरकत नाही, सरकताना थोडा बदलतोही. 21 ऑक्टोबरची दिवाळी आणि 12 नोव्हेंबरची दिवाळी सारख्याच नसतात. उशिराच्या दिवाळीला ऑक्टोबरअखेरचा पगार हातात असतो. लवकरच्या दिवाळीला सप्टेंबरअखेरचा पगार आटत आलेला असतो, आणि बोनस कधी हाती पडतो यावर बरेच अवलंबून राहते. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन विकून पैसे मोकळे झाले आहेत का, कापसाची पहिली वेचणी झाली आहे का, यावर कापड आणि भांड्यांच्या दुकानांची दिवाळी ठरते. लवकर आलेल्या दिवाळीत परतीचा पाऊस फटाक्यांच्या आणि रस्त्यावरच्या विक्रीवर पाणी टाकू शकतो. म्हणून सणापासूनचे अंतर आणि इंग्रजी तारीख, दोन्ही अंदाजात लागतात. फक्त एकावर भिस्त ठेवणारे फसतात.

गणपती आणि दिवाळी यांच्यातले अंतर सहसा 55-56 दिवस असते. घाऊक व्यापारी याच अंतरात रक्कम फिरवतो: गणपतीचा माल सुटला की त्या पैशात दिवाळीचा भरायचा. 2020 मध्ये अश्विन अधिक आला. पितृपक्ष संपला 17 सप्टेंबरला आणि घटस्थापना थेट 17 ऑक्टोबरला. खरेदी टाळण्याचा पंधरवडा संपल्यावर नवरात्राऐवजी आणखी एक महिना शांततेचा गेला. गणपती ते दिवाळी हे अंतर 84 दिवसांवर गेले. त्याच वर्षी करोनाची टाळेबंदी होती, त्यामुळे 2020 च्या आकड्यांतला किती भाग अधिक मासाचा आणि किती साथीचा, हे वेगळे काढणे जवळपास अशक्य आहे. त्याआधीचा अधिक अश्विन 2001 मधला. तेव्हाचे बिलिंग किती दुकानांकडे असेल आणि तेव्हाचा बाजार आजच्या कितपत कामाचा, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

अधिक मास मागणी पुढे ढकलतो, तशी स्वतःची मागणीही घेऊन येतो. लग्ने आणि गृहप्रवेश थांबतात, त्यामुळे शालू, फर्निचर, भांड्यांचे संच मंदावतात. उलट धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे म्हणून अनारसे, बत्तासे, चांदीची निरांजने आणि कपडे खपतात. तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल असल्याने एरवी दिवाळीपुरते दिसणारे अनारशाचे पीठ या महिन्यातही मागितले जाते. ज्या संगणकाने मागच्या दोन वर्षांचेच आकडे पाहिले आहेत, त्याला ही मागणी दिसूच शकत नाही, कारण त्या दोन वर्षांत तो महिनाच नव्हता.

अशा वेळी एक सोयीचा आडाखा आहे. 99 चांद्र महिने आणि आठ सौर वर्षे यांची लांबी जवळजवळ सारखी आहे, दीड दिवसाचा काय तो फरक. म्हणून आठ वर्षांपूर्वीच्या वर्षात सण बहुधा आजच्याच तारखांना, एखाद-दोन दिवसांच्या फरकाने सापडतात. 2018 मध्ये ज्येष्ठ अधिक होता, गणेश चतुर्थी 13 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 7 नोव्हेंबरला. 2026 मध्येही ज्येष्ठच अधिक, गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. 19 वर्षांचे चक्र याहून अचूक आहे, पण 19 वर्षांत दुकानच बदलते. आठ वर्षांपूर्वीचे बिलिंग मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत असते. त्यातून विक्रीचा आकडा घ्यायचा नाही, फक्त आकार घ्यायचा: मे-जूनमध्ये काय पडले, काय चढले. आणि वार तपासायचा. 2018 चे लक्ष्मीपूजन बुधवारी होते, 2026 चे रविवारी आहे.

एकच पंचांग सगळ्या देशाला लावता येत नाही, हे अखिल भारतीय साखळ्यांना श्रावणात कळते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. 2025 मध्ये उत्तरेतला श्रावण 11 जुलैला सुरू झाला आणि महाराष्ट्रातला 25 जुलैला. अंडी, चिकन, मासळी यांची मागणी लखनऊत उतरली होती तेव्हा ती नाशकात गटारीकडे चढत होती. 2023 मध्ये प्रकार आणखी विचित्र झाला. उत्तरेत अधिक मास धरून श्रावण 4 जुलै ते 31 ऑगस्ट असा पसरला. महाराष्ट्रात अधिक श्रावण 18 जुलैपासून आणि निज श्रावण 17 ऑगस्टपासून, म्हणजे मांसाहार नेमका कधीपासून सोडायचा हे घराघराने आपापले ठरवायचे. त्यात आषाढी अमावास्येचा वार. ती सोमवारी किंवा गुरुवारी आली की अनेक घरे त्या दिवशी मांसाहार करत नाहीत, आणि कोंबडीवाल्याची गर्दी आधीच्या रविवारी किंवा बुधवारी सरकते. 2024 मध्ये ती रविवारीच आली, तेव्हा सगळा जोर एका दिवसावर पडला.

तिथीवरून मतभेद होतात ते वेगळेच. 2024 मध्ये देशात अनेक ठिकाणी लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला झाले, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला. दिल्लीत बसून सगळ्या शाखांना एकच तारीख पाठवणाऱ्या मुख्यालयाने इथे भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे, हे बरे.

हिशेबाच्या वर्षाची हद्दही फसवते. गुढीपाडवा 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे फिरत असतो. 2022 मध्ये तो 2 एप्रिलला आणि 2023 मध्ये 22 मार्चला आला, म्हणजे 2022-23 या आर्थिक वर्षात दोन पाडवे पडले. 2024 चा पाडवा 9 एप्रिलला, म्हणून 2023-24 मध्ये एकही नाही. 2025 चा 30 मार्चला, म्हणून 2024-25 मध्ये पुन्हा दोन. श्रीखंड, साखरगाठी, दुचाक्या, सोने विकणाऱ्यांचे वार्षिक ताळेबंद यामुळे एक वर्ष मंदी आणि एक वर्ष तेजी दाखवतात, दुकानात तसे काही घडलेले नसताना. 2024-25 मध्ये तर रमजान ईदही दोनदा मोजली गेली, 11 एप्रिल 2024 आणि 31 मार्च 2025. ईस्टरचे असेच आहे: तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, आणि युरोप-अमेरिकेतले व्यापारी पहिल्या दोन तिमाहींची तुलना करताना तो वेगळा काढूनच बोलतात.

रमजानचा प्रश्न दीर्घ पल्ल्याचा आहे. अधिक मास नसल्याने तो सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2023 ते 2025 या तिन्ही वर्षी तो मार्च-एप्रिलमध्ये होता. या तीन वर्षांच्या आकड्यांतून सरबतांचा चढता खप रमजानचा की उन्हाळ्याचा, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही, कारण दोन्ही कारणे कायम बरोबरच आली. रमजान थंडीत गेल्यावर खजुराची आणि शेवयांची मागणी राहील, थंड सरबताची बहुधा राहणार नाही. शिवाय ईद चंद्रदर्शनावर ठरते. एका दिवसाची अनिश्चितता शेवटच्या रात्रीपर्यंत राहते आणि नाशवंत माल भरणाऱ्याला ती सोसावीच लागते.

या सगळ्यासाठी आता तयार साधने आहेत. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाची एक्स-13 ही पद्धत आकड्यांतून ऋतूचा, वारांचा आणि ईस्टरचा प्रभाव वेगळा काढते. दिवाळीचा स्तंभ तिला बाहेरून पुरवावा लागतो. फेसबुकने 2017 मध्ये खुली केलेली प्रॉफेट ही प्रणाली सणांची यादी आणि प्रत्येक सणाच्या आधीचे-नंतरचे किती दिवस धरायचे ते विचारते. ‘एम 5’ या 2020 च्या अंदाज-स्पर्धेत वॉलमार्टच्या 10 दुकानांतल्या 3,049 वस्तूंचे रोजचे आकडे दिले होते. त्यांच्यासोबत सणांचे कोष्टक होते, आणि सरकारी अन्नमदत कोणत्या राज्यात कोणत्या तारखांना मिळते तेही. तीन राज्यांत त्या तारखा वेगवेगळ्या होत्या. आपल्याकडच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या किराण्याचाच हा अमेरिकी भाऊबंद. नाताळला वॉलमार्ट बंद असते, म्हणून त्या दिवशी विक्री जवळपास शून्य. हे न सांगता गणित करायला दिले तर यंत्र 25 डिसेंबरला मागणी नसते असा निष्कर्ष काढते.

बंद दुकानाचे शून्य आणि संपलेल्या मालाचे शून्य यांत फरक न करणे ही नेहमीची चूक. दसऱ्याला सकाळी दहालाच झेंडू संपला, तर त्या दिवसाची नोंद विक्री दाखवते, मागणी नाही. पुढच्या वर्षी तेवढाच झेंडू मागवला की तो पुन्हा दहालाच संपतो. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशीच आला. त्या दिवशी मद्यविक्री बंद होती. ती रिकामी रांग ‘दसऱ्याचा परिणाम’ म्हणून वहीत राहिली तर पुढचे अंदाज बिघडतील. त्याच वर्षी जीएसटीचे कमी झालेले दर 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी लागू झाले. घोषणा आधीच झालेली असल्याने पितृपक्षातली मंदी नेहमीपेक्षा खोल आणि नवरात्रातली उसळी नेहमीपेक्षा उंच दिसणे स्वाभाविक होते. 2025 चे नवरात्र पायाला धरून अंदाज करणाऱ्याने हे शेजारी लिहून ठेवायला हवे.

दहा वर्षांची रोजची विक्री म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक दिवस, पण त्यात दिवाळ्या दहाच असतात आणि अधिक मास तीन किंवा चार. इतक्या थोड्या नमुन्यांवर एकेका वस्तूचा वेगळा अंदाज करणे धोक्याचे. म्हणून सणाचा परिणाम आधी वर्गावर मोजतात, म्हणजे सगळी पिठे, सगळे सुकामेव्याचे प्रकार, आणि मग वस्तूंवर वाटतात. अंदाज तपासतानाही एकेका दिवसाची चूक न पाहता सणाच्या पूर्ण खिडकीची पाहतात, कारण गिऱ्हाईक शनिवारऐवजी रविवारी आले तर माल चुकलेला नसतो.

शेवटी किती भरायचे हे अंदाजाच्या आकड्याइतकेच उरलेल्या मालाच्या किमतीवर ठरते. साखर उरली तर महिनाभरात खपते, म्हणून ती जास्त भरायला हरकत नाही. मिठाई चार दिवस थांबते. झेंडूला दसऱ्याच्या दुपारनंतर भाव राहत नाही, तिथे कमी भरून सकाळी संपवणेच परवडते. या तिन्हींसाठी एकच आकडा देणारा अंदाज निरुपयोगी आहे. किमान आणि कमाल दोन्ही सांगणारा हवा.

ज्या दुकानाला यातले कोणतेही साधन वापरायचे नाही, त्याने निदान बिलिंगच्या प्रत्येक दिवसाशेजारी तिथी, वार, सुट्टी, पगाराचा आठवडा आणि माल संपल्याची वेळ असे पाच रकाने आजपासून भरावेत. 2030 मध्ये रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. तेव्हा हे रकाने लागतील.